म्हशीची हरकत

रस्त्याकडेच्या दूधकट्ट्यावर म्हैस उभी करून समोरच धार काढून देणारा एक गवळी होता. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकानं पेला रिकामा केला की हाच मिशीवरनं उलटा हात फिरवायचा.

रहदारीसाठी कट्टा मागच्या मैदानात न्यायचं ठरलं आणि लोकांच्या हरकती ऐकायला पालिकेचे साहेब आले. रोजची जागा जाणार म्हणून हा गरजला, "म्हशीला इचारलासा काय? नव्या जागंत ती पान्हा सोडणार न्हाई!"

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही लोकप्रशासनाचा. गप्प कसा बसेन? म्हटलं, "धोरण आधी करून बघायचं असतं. एक दिवस चाचणी घ्या." दोघांनाही पटलं.

चाचणीला अख्खी गल्ली जमली. हा मिशीत हसत धारेला बसला. म्हशीनं मैदान हुंगलं, शेपटी हलवली आणि बादली फेसानं काठोकाठ भरली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"फितूर झालीस व्हय गं?" तो म्हशीवर खेकसला. मग माझ्या हातात पेला देत म्हणाला, "चूक माझीच की पावणं. साहेबासमोर कोण न्हाई म्हणतंय? तिथं म्हशीची काय कथा!"

मी पेला संपवला. त्याचा हात मिशीवरनं फिरला.