माझ्या बेडकाची बरणी

परवा भाचीनं फोनवर बातमी पाठवली. सह्याद्रीत लांब उड्या मारणाऱ्या बेडकाची नवी जात सापडली म्हणे. फोटो पाहिला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच ओल्या कातळाचा रंग, पाठीवर तुटक वळ्या, बोटांच्या टोकांना चकत्या! अहो, असा बेडूक माझ्याकडे होता. हैदराबादेत, हिमायतनगरच्या कॉलेजात, स्पिरिटच्या बरणीत.

मी तिथं प्राणिशास्त्र शिकवायची. पोरं मला ‘कप्पा मॅडम’ म्हणायची. तेलुगूत कप्पा म्हणजे बेडूक. घाटातल्या सहलीत तो एकच हाती लागला होता. त्याच्या मागच्या बोटांमधला पडदा पुस्तकातल्या कुठल्याच बेडकाशी जुळेना. जात नवी असणार, असं माझ्या मनानं घेतलं. पण मनानं घेऊन भागत नाही. नाव द्यायचं तर नमुना हाताशी लागतो, इतरांशी ताडून बघावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत त्यासाठीच मुंबईच्या संग्रहालयात जाणार होते.

तेवढ्यात देश खुला झाला आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा झाला. मी तापानं मलकपेठला घरी पडलेली. परत येऊन बघते तर प्रयोगशाळेत कॉम्प्युटर, एसी, पडदे, आणि माझं कपाट गायब! प्रिन्सिपल म्हणाले, “बाई, बेडूकच ना? मूसी नदीकाठी हवे तेवढे मिळतील.”

हवे तेवढे! डोकं आहे की खोकं?

शिपाई म्हणाला, बरण्या चांगल्या होत्या, कँटीनला दिल्या. धावत गेले. गल्ल्याशेजारी माझी बरणी, तिच्यात उस्मानिया बिस्किटं. वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी तशीच: घाटाचं नाव, महिना, आणि ‘जात’पुढे कोरी जागा. कँटीनवाला अभिमानानं म्हणाला, “गरम पानी से धोया मॅडम, बदबू बिल्कुल नै.” आतलं मोरीत ओतलं होतं. स्टाफ त्यातलीच बिस्किटं चहात बुडवून खात होता. खा म्हटलं, मुडद्यांनो! बिस्किटं टेबलावर ओतली आणि बरणी घरी आणली.

ती अजून फडताळात आहे. भाचीला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती म्हणते, “मावशी, मग त्या चिठ्ठीवर हे नवं नाव लिहून टाकू या?”

“खबरदार!” मी ओरडलेच. “तो हाच होता कशावरून? हा असेल, नाहीतर आणखी वेगळाच असेल. आधी माझा बेडूक आण, मग लिही.”