तळहातावरचा थेंब

माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, शिलाईच्या कारखान्यात कँटीन सांभाळतात. मी त्याच कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर असते. गेली नऊ वर्षं दुपारी त्यांच्या हातचं जेवते आणि संध्याकाळी नवऱ्याकडे त्यांच्याबद्दल कुरकुर करते. स्वयंपाकाला मात्र कधी नाव ठेवता आलं नाही. दोनशे माणसांच्या रश्श्यात त्या मीठ मोजून घालत नसत. पळीतला एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, चाखायचा, क्षणभर डोळे मिटायचे, की झालं.

अंगाने त्या चांगल्याच भरलेल्या होत्या. 'कँटीनची जाहिरात' म्हणून लोक चिडवायचे, त्याही हसायच्या. हसणाऱ्यांत मीही होते, हे सांगून टाकते. पुढे गुडघे गेले, रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. कारखान्यात मात्र पित्ताशयातले खडे काढले असं सांगायचं ठरलं. दवाखान्यातल्या खाटेवरून वन्संनी माझा हात घट्ट धरला.

"वहिनी, कुणाला कळता कामा नये. म्हणतील, तोंड आवरता आलं नाही म्हणून पोट कापून घेतलं."

मी वचन दिलं. खरं तर असं म्हणणाऱ्यांत पहिली मीच असते.

दोन महिन्यांनी त्या कामावर आल्या तेव्हा कपडे अंगावर लोंबत होते. चार घासांत पोट भरायचं. तीन चमचे साखर घालून चहा पिणारी बाई आता अर्ध्या चमच्यालाही नाक मुरडू लागली. तळणीचा वास आला की दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. आणि मीठ तर चिमूटभर घातलं तरी त्यांना खारट लागायचं. असं होतं काहीजणांना, काही महिने धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण कँटीनमधल्या भुकेल्या माणसांना कुठला धीर? पहिल्याच आठवड्यात जेवण अळणी झालं आणि टेबलाटेबलावरून लोक मीठ मागू लागले.

"तुमच्याच जिभा सोकावल्यात," वन्सं म्हणायच्या, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

मग एकाएकी सगळं ठीक झालं. चव परत आली असं मला वाटलं. ती करामत मावशींची होती हे नंतर कळलं. मावशी म्हणजे भाजी चिरणाऱ्या, साठी उलटलेल्या, अकरा वर्षं वन्संबरोबर काम केलेल्या. वन्सं चाखून पाठमोऱ्या झाल्या की त्या गुपचूप मूठभर मीठ टाकायच्या.

लोक भिडेपोटी अळणी खातायत असं वन्संना वाटत होतं, म्हणून एका बुधवारी त्यांनी मनाशी ठरवलं, आपली जीभ सांगते त्याच्या दुप्पट मीठ घालायचं. तसं घातलं. पाठोपाठ मावशींनीही आपली मूठ टाकली. त्या दुपारी रस्सा कुणाला तोंडात धरवेना. ताटंच्या ताटं परत आली आणि मॅनेजर आत आले.

"मीठ कोणी घातलं?"

"मावशींनी," भांडी घासणारी म्हणाली. "मी पाहिलंय ना. रोजच टाकतात."

मॅनेजर वन्संकडे वळले. "तुम्ही चाखलं होतं की नाही?"

वन्संनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "मी चाखलं तेव्हा बरोबर होतं."

हे साफ खोटं होतं. बरोबर काय आणि चूक काय, हे त्यांना कळतच नव्हतं. मावशींनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. मग त्यांनी एप्रन सोडला. उद्यापासून येऊ नका, असं मॅनेजर म्हणाले. मी ताट हातात घेऊन जेवण वाढायच्या खिडकीशी उभी होते. वन्संची चव परत आलेलीच नव्हती हे तेव्हा मला उमगलं, तरी मूग गिळून गप्प बसले. वचन दिलंय, असं मनाला सांगितलं. वचनाचा इतका उपयोग मला पूर्वी कधी झाला नव्हता.

तीन दिवस वन्संनी ते चार घासही धड खाल्ले नाहीत. रविवारी सकाळी म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर मावशींकडे. एकटीचा पाय उचलत नाही."

मावशींची खोली तिसऱ्या मजल्यावर, एकच. त्यांनी घरातली एकुलती एक खुर्ची वन्संना दिली, पाठीशी उशी ठेवली. मग मावशीच आधी बोलल्या.

"मीठ टाकत होते, ते चुकलंच माझं. पण तुझी चव गेलीय हे मला पहिल्या दिवशीच कळलं. माझ्या धाकट्या बहिणीचं शेवटच्या वर्षात असंच झालं होतं. अशीच वाळत गेली, अन्न नकोसं झालं. म्हटलं, ही आहे तोवर हिच्या हाताचं नाव राहू दे." मग आवाज खाली करून त्यांनी विचारलं, "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

कुठे बघावं ते मला समजेना. वन्संचे कान लाल झाले होते.

"मावशी, मला काही झालेलं नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "जाडी कमी करायला ऑपरेशन केलं. सांगायची लाज वाटली. आणि ती लाज झाकायला मी तुमची नोकरी घालवली."

मावशी उठल्या. आता हाकलतील असं मला वाटलं, आणि हाकलायलाच हवं होतं.

"म्हणजे जगणार आहेस?"

वन्संनी होकारार्थी मान हलवली.

"मग रडतेस कशाला," म्हणत मावशी स्वतःच डोळे पुसू लागल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर आम्हाला सोपं गेलं असतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वन्संनी सगळ्यांदेखत मॅनेजरना खरं ते सांगितलं. माझ्या टेबलावरच्या दोघी खुदकन हसल्या. तेव्हा मीही उठले आणि मला सगळं माहीत होतं हे सांगितलं. मंगळवारी मावशी कामावर आल्या.

आता पळीतला थेंब मावशींच्या तळहातावर पडतो. त्या चाखतात आणि सांगतात, वन्सं मीठ घालतात. चार महिने झाले. थेंब देताना वन्सं अजून मावशींच्या हाताकडेच बघतात, तोंडाकडे बघत नाहीत.