अमिता ढेबे आणि मुका झालेला प्रोग्राम

पोलादपूरच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर वाढलेली अमिता ढेबे आता महाडला कॉम्प्युटर दुरुस्त करते. ‘नवीनच घ्या’ असं ती गिऱ्हाइकाला सहसा सांगत नाही. आधी कॉम्प्युटरचा डबा उघडते.

गेल्या पावसाळ्यात तिला पोलादपूरहून आबाजी साळेकरांनी बोलावलं. आबाजी टायपिंगचा क्लास चालवतात. मधुमेहानं त्यांची नजर गेली, तरी क्लास चालू राहिला, कारण त्यांचा जुना प्रोग्राम चुकीचं अक्षर दाबलं की ‘बीप’ करायचा. उतारे त्यांना पाठ होते. बटणांच्या आवाजाबरोबर ते मनात उतारा म्हणत जात, आणि बीप वाजला की चूक कोणत्या अक्षराला झाली ते ओळखत. मग वीज पडून कॉम्प्युटर जळाला. भाच्यानं मुंबईहून दुसरा, वापरलेला आणला, त्यात तोच प्रोग्राम टाकला. तो चालला, पण मुका.

“गाणी वाजतात गो, बीपच वाजत नाय,” आबाजी म्हणाले. “दोघंजण बघून गेले. स्पीकर बदलला, तरी तेच.”

अमितानं टेबलावरच्या स्पीकरला हातही लावला नाही. तिनं माळ्यावरचा जळका कॉम्प्युटर काढायला लावला आणि खोलला. आत मदरबोर्डला जोडलेला, रुपयाएवढा एक स्पीकर होता.

“आबा, तुमचा प्रोग्राम ह्याच्यातून बोलायचा. नव्यात हा नायच.”

तिनं तो काढून नव्या मदरबोर्डला जोडला. कॉम्प्युटर सुरू होताना एक बीप आला. आबाजींनी मान वर केली. पण प्रोग्राम उघडून तिनं मुद्दाम चुकीचं बटण दाबलं, तर पुन्हा शांतता.

“ऱ्हाऊ दे आता,” आबाजी हळूच म्हणाले. “लय वर्षं शिकवलं.”

“स्पीकर चांगला हाय, आत्ताच बोलला. म्हणजे विंडोज अडवतंय. बसा जरा.”

तासभर ती एकेक सेटिंग तपासत राहिली. आधीच्या मालकानं, कटकट नको म्हणून असेल, बीपची सोयच बंद करून ठेवली होती. तिनं ती चालू केली आणि क्लासमधल्या रेश्माला टाइप करायला बसवलं. तिसऱ्या ओळीत बीप वाजला.

“डावी करंगळी, रेश्मा,” आबाजी म्हणाले. “सावकाश.” आणि त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले.

अमिता लगेच निघाली नाही. ते सेटिंग तिनं रेश्माकडून दोनदा बंद-चालू करून घेतलं. पुन्हा अडलं तर आबांना महाडकडे बघत बसायला नको.

दिवाळीनंतर आबाजींचा फोन आला. बिघडलं काहीच नव्हतं. रेश्मा टायपिंगची परीक्षा पास झाली होती, ते सांगायचं होतं.