दर महिन्याची चार पिल्लं

त्या चार मजली इमारतीत कुणाचा नळ गळायला लागला, कुणाची कडी अडकली, कुणाच्या मिक्सरचं बटण आत गेलं ते बाहेर येईना, की पहिली हाक जायची ती मिस्त्रीवहिनींना. वहिनी काही मिस्त्री नव्हत्या. त्यांचं शिक्षण शिवणकामाचं. पण लग्नानंतर पहिल्याच वर्षी ट्यूबलाईट बदलायला नवऱ्याने आठवडा लावला, तेव्हा त्या स्वतः स्टुलावर चढल्या, आणि सासूबाई सगळ्यांना सांगायच्या तसं, "चढली ती चढली, अजून काही उतरली नाही."

नवरा मीटर-रीडर. दिवसभर लोकांच्या जिन्यांखाली वाकून आकडे लिहून आणायचा. माणूस नाकासमोर चालणारा, गोड बोलणारा, पण हातात पाना दिला तर कुठलं तोंड स्क्रूला लावायचं हे त्याला कळत नसे. वहिनींना त्याचं काही वाटत नव्हतं. घरात एकाचे हात चालले की पुरे, असं त्यांचं म्हणणं.

घराला एक बंद बाल्कनी होती. तिथे वहिनींचे गिनी पिग असायचे. शेजारचं बिऱ्हाड घर बदलून जाताना एक जोडी मागे ठेवून गेलं, तिथून हे सुरू झालं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला, "घरात डुकरं!" वहिनींनी समजावलं की नावात पिग असलं तरी ही डुकरं नव्हेत, ही उंदराच्या जातीतली. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग तर फारच छान."

जोडीची आठ झाली, आठाची वीस. वहिनींनी जुनं कपाट आडवं पाडून त्याचे तीन मजली खण केले, जाळी ठोकली, खाली सरकते ट्रे बसवले, म्हणजे सकाळी ट्रे ओढायचा, भुसा झटकायचा, फडकं फिरवायचं की काम झालं. फ्रिजचं दार उघडलं की सगळी बाल्कनी शिट्ट्या मारू लागायची, काकडी पाहिजे, गाजराची सालं पाहिजेत. पिल्लं जन्मतानाच अंगावर लव आणि उघडे डोळे घेऊन यायची, तासाभरात आईच्या मागे धावायची. दर वेळी वहिनी भुश्यात गुडघे टेकून बसायच्या आणि एकेकाला नाव ठेवायच्या. डागावरून, कानांच्या ठेवणीवरून, रडण्यावरून. कुणी ढब्बू, कुणी सायली, कुणी टिकली.

एवढी पिल्लं ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र फार दिवस राहिला नाही. घड्याळवाले काका भेटले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आता बंद केलेलं. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. एकदा येऊन चार पिल्लं घेऊन गेले, पुढच्या महिन्यात पुन्हा चार. वहिनींनी विचारलं होतं, "घरी नातवंडं आहेत वाटतं?" काका हसले होते. "घरात एक आहे. त्याला फार आवडतात." मग काकांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांचं घर नवऱ्याच्या मीटरच्या वाटेवर पडत होतं, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नवराच खोका पोचवू लागला. वहिनी खोक्याच्या झाकणाला तापल्या सुईने भोकं पाडायच्या, खाली गवत अंथरायच्या, वाटेत भूक लागेल म्हणून काकडीच्या चकत्या ठेवायच्या. असं दोन वर्षं चाललं.

त्या सोमवारीही खोका गेला. त्यात भोवरी होती. कपाळावर केसांचा गोल भोवरा असलेलं तपकिरी पिल्लू. वहिनींना ती ठेवून घ्यायची होती, पण खणात जागा नव्हती. दुपारी त्या बिजागऱ्या आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेल्या, तर तिथे काका उभे.

"वहिनी, बरं झालं भेटलात. पेटीचं सरकतं दार नीट बसत नाही. तुमचे साहेब महिनाभर म्हणतायत, येतो आणि करून देतो."

"हे?" वहिनींना हसूच फुटलं. "काका, ह्यांना दार दाखवू नका, दाराचंच नुकसान होईल. चला, हत्यारांची पिशवी बरोबरच आहे."

काकांचं घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, सगळं जागच्या जागी, भिंतीवर अकरा घड्याळं आणि अकराही एकच वेळ दाखवणारी. काकांनी पाणी दिलं आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. आतून उबदार हवा आली. भिंतीला लागून माणसाएवढ्या लांबीची काचेची पेटी होती, वर पिवळा दिवा. वहिनींना वाटलं, माशांची टाकी असेल. पाणी कसं नाही, असंही वाटलं. मग आतलं जाड वेटोळं हललं.

अजगर. मनगटाच्या दुप्पट जाड, अंगावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी. आणि मध्येच एका जागी पोट फुगलेलं, मुठीएवढं.

पेटीशेजारी एक पिंजरा होता. स्वच्छ, ताजं गवत घातलेला. त्यात सायलीची दोन आणि टिकलीचं एक अशी पिल्लं काकडीच्या चकत्या खात बसलेली. वहिनींनी मोजलं. तीन. पुन्हा मोजलं. खोका पिंजऱ्यावर ठेवला होता, त्याच्या झाकणावर त्यांनीच सकाळी सुईने पाडलेली भोकं.

त्यांनी झाकण उचलून आत बघितलं. नुसतं गवत.

"आठवड्याला एक," काका आपल्या हळू आवाजात सांगत होते. "आज सकाळीच दिलंय, म्हणजे आता तो पाच-सहा दिवस जागचा हलणार नाही. तुम्ही निर्धास्त काम करा. हे बघा, इथे. दार सरकतं पण शेवटी बोटभर फट राहते. फटीतून बाहेर पडला तर शेजारी लहान बाळ आहे हो."

वहिनी काकांकडे बघत राहिल्या. तेव्हा कुठे काकांच्या ध्यानात आलं.

"तुम्हाला..." ते थांबले. "साहेब म्हणाले होते, तुम्हाला माहीत आहे."

पुढचं वहिनींना नीट आठवत नाही. एवढं आठवतं की आपण खाली बसलो आणि आपले हात कामाला लागले. डोकं बंद पडलं होतं, हात चालू होते. खालची पट्टी एका टोकाला वाकली होती आणि खाचेत वाळू अडकली होती. त्यांनी टोकदार पेचकसाने वाळू काढली, पक्कडीने पट्टी सरळ केली, दार दोनदा सरकवून पाहिलं, आणि बिजागऱ्यांबरोबर आणलेली पितळी कडी वरच्या लाकडी चौकटीला ठोकून दिली. काचेच्या पलीकडे, हातभर अंतरावर, ते फुगलेलं पोट शांतपणे वर-खाली होत होतं. काका मागे उभे राहून बोलत होते, बहुधा शांतता सहन होत नव्हती म्हणून.

"हिने आणला होता. माझ्या बायकोने. बोटाएवढा होता तेव्हा. मला शिसारी यायची, मी या खोलीत पाऊल टाकत नसे. ती त्याला मांडीवर घेऊन वर्तमानपत्र वाचायची. ही गेली, हा राहिला. आणखी दहा-बारा वर्षं जगेल म्हणतात. टाकून कुठे देऊ?"

वहिनी उठल्या. पिंजऱ्यातली तीन पिल्लं उचलून त्यांनी खोक्यात घातली.

"न्या," काका म्हणाले. अडवलं नाही. फक्त दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पुढच्या सोमवारी त्याला काय घालू, तेवढं सांगून जा."

पिशवी तिथेच राहिली, पक्कड, पेचकस सगळं. खोका छातीशी धरून त्या घरी चालत आल्या आणि वाटेत कोण कोण भेटलं, काय बोललं, काही कळलं नाही.

संध्याकाळी नवरा आला. बूट काढता काढता त्याला ओट्यावरचा खोका दिसला, आणि त्याचा एक बूट पायातच राहिला.

"कधीपासून माहीत होतं?" वहिनींनी विचारलं.

"अगं, ऐक..."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा खोका घेऊन गेलो तेव्हापासून."

दोन वर्षं. दर महिन्याला हा माणूस त्यांच्या हातून खोका घ्यायचा, वाकून भोकातून आत बघायचा, "चला रे बच्चेकंपनी" म्हणायचा आणि निघायचा. संध्याकाळी आल्यावर वहिनी विचारायच्या, "नातू खूश झाला का?" आणि हा म्हणायचा, "खूप." एकदा तर त्याने सांगितलं होतं की नातवाने एकाचं नाव राजा ठेवलंय. अजगरापेक्षा वहिनींना त्या राजाचा धक्का जास्त बसला. असं नाव याला सुचलं कसं? कुठे बसून सुचलं? जिन्याखाली, मीटर बघताना?

"तुला सांगून काय झालं असतं?" नवरा पडल्या आवाजात म्हणाला. "तू ती दिली नसतीस. मग दोनाची दोनशे झाली असती. तुला किती आनंद होतो पिल्लं झाली की. मी म्हटलं, चाललंय तर चालू दे. आणि शेवटी, आपणही रविवारी कोंबडी खातोच की."

"कोंबडीला मी भोवरी म्हणून हाक मारली नव्हती."

सासूबाई आतल्या खाटेवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, आणि टोमणा म्हणून नव्हे, अगदी सरळ म्हणाल्या, "सूनबाई, एका माणसाला दर महिन्याला चार पिल्लं कशाला लागतात, हे तुझ्या मनात एकदाही आलं नाही?"

वहिनी तिथेच स्टुलावर बसल्या. कारण मनात आलं होतं. एकदा, सहाव्या-सातव्या महिन्यात, ट्रे धुताना. इतकी पिल्लं ठेवतात कुठे, असा विचार आला होता आणि त्यांनी नळ मोठा सोडून तो धुऊन टाकला होता. नवऱ्याने खोटं सांगितलं हे खरं, पण डोळ्यांवर कातडं त्यांनी आपल्याच हाताने ओढून घेतलं होतं. हे कुणाला सांगायचं? त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी प्लायवूड कापलं आणि खणाखणांत आडव्या फळ्या ठोकल्या. नर एकीकडे, माद्या एकीकडे. पण चार माद्या आधीच भरल्या पोटाच्या होत्या. पुढच्या दोन महिन्यांत आणखी तेरा पिल्लं आली. प्रत्येक वेळी वहिनी गुडघ्यांवर बसल्या, उघड्या डोळ्यांची ती चिमुकली तोंडं बघितली आणि नावं ठेवायची राहून गेली. जीभच उचलेना.

नवऱ्याशी त्या अकरा दिवस बोलल्या नाहीत. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो ट्रे ओढायचा, भुसा बदलायचा, अर्धा घरभर सांडायचा. बाराव्या दिवशी ट्रे उलटा घालून तो बराच वेळ ढकलत बसला, तेव्हा वहिनींना राहवलं नाही. "खाच वर," त्या म्हणाल्या. तो थांबला, ट्रे फिरवला, तो आत गेला. "अच्छा," तो म्हणाला. समेट म्हणायचा तर एवढाच.

पिल्लं मागायला आता कुणी आलं की वहिनी त्याची उलटतपासणी करायच्या. घरात कोण कोण आहे, मांजर आहे का, पिंजरा केवढा? एका शाळेच्या बाईंनी दोन नेली तर वहिनी मागोमाग त्यांच्या घरी जाऊन खोल्या बघून आल्या. बाई हसल्या. वहिनी हसल्या नाहीत.

काका तीन आठवड्यांनी आले होते, पिशवी परत द्यायला. दारातच उभे राहिले. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानात गोठवलेले उंदीर मिळतात, ते आणतो आता, म्हणाले. "दार मात्र छान चालतंय." वहिनींनी पिशवी घेतली. आत बोलावलं नाही, दारही लावून घेतलं नाही. काकांनी जिना उतरायला सुरुवात केली, प्रत्येक पायरीला कठडा धरत, तेव्हा त्या म्हणाल्या, "इतक्या लांब जाता कसे या गुडघ्यांनी?"

"जातो. दोन बस."

वर्षभराने एका दुपारी काकांच्या शेजारणीने दार वाजवलं. काखेत तिचं बाळ, हातात किल्ली. काकांना सकाळी दवाखान्यात नेलं होतं, गुडघ्याचं नव्हे, छातीचं. जाताना स्ट्रेचरवरून त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं, मिस्त्रीवहिनींना द्या.

"मला?" वहिनींचा विश्वासच बसेना. "मलाच का?"

"मीही विचारलं," शेजारीण म्हणाली. "ते म्हणाले, त्या खोलीत बसून काम केलेलं दुसरं कुणी नाही."

नवरा घरी नव्हता. वहिनी किल्ली हातात घेऊन बराच वेळ बाल्कनीच्या दारात उभ्या राहिल्या. आत फळीच्या दोन्ही बाजूंनी शिट्ट्या चालू होत्या. मग त्यांनी चपला घातल्या.

काकांच्या फ्रिजवर सुवाच्य अक्षरात सगळं लिहून चिकटवलेलं होतं, घड्याळवाल्याच्या शिस्तीने. उंदीर कोमट पाण्यात किती वेळ, लांब चिमटा कुठे, दिवा किती वाजता बंद. शेवटच्या खाण्याची नोंद मागच्या सोमवारची होती. म्हणजे पुढचं खाणं आजच.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा वहिनी ओट्याशी उभ्या राहून साबणाने हात धूत होत्या. सासूबाईंनी म्हणे त्याला खूण केली की ती तिसऱ्यांदा धुतेय. तो जवळ गेला.

"पंचवीस मिनिटं लागतात त्याला गिळायला," वहिनी नळाकडे बघत म्हणाल्या. "मी पूर्ण वेळ बसून होते. मला वाटलं होतं, बघवणार नाही."

"मग?"

"बघवलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या पहिल्या दिवसापेक्षाही मोठा धक्का होता. "पुढच्या सोमवारी पुन्हा जायचंय."