आपुन केलं

आमच्या अंबरनाथच्या कंपनीत रसायनांच्या टाक्यांवर बसवायचे सेन्सर बनत. टाकीत किती माल आहे, ते बाहेर आकड्यात दिसे. अडचण वाफेची होती. सेन्सरच्या काचेवर पाणी साचे आणि अर्धी टाकीही पूर्ण भरलेली दिसे. आम्ही इंजिनियर मंडळींनी आत हीटर बसवून पाहिला, काचेला लेप देऊन पाहिला. वर्ष त्यातच गेलं.

जोडणी विभागात बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा एक फिटर होता. एका सकाळी तो सेन्सरचं तोंड घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याची कड त्याने कानशीने तिरपी घासली होती आणि खाली एक टोक ठेवलं होतं. पाणी काचेवर न थांबता त्या टोकावरून गळून जात होतं.

"घराची पागोली पडते ना सायेब, तशी," तो म्हणाला. "एवढे इंजिनियर तुमी, कोनाच्याच घराला वलचन नाय काय?"

"आम्ही फ्लॅटवाले," मी म्हणालो. दोघेही हसलो.

पेटंटचे कागद माझ्याकडे असत. फॉर्मात एक रकाना होता, कल्पना प्रथम कोणाला सुचली. मी त्याला तसं विचारलं. तो म्हणाला, "आपुन केलं."

मी 'आपण' असं टिपून घेतलं. आपण म्हणजे विभाग. विभाग म्हणजे ड्रॉइंगवर ज्यांच्या सह्या आहेत ते. फिटरची सही ड्रॉइंगवर नसते. शोधक म्हणून दोन नावं गेली, माझ्या साहेबांचं आणि माझं.

ऐकण्यात चूक झाली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये वाढलो. तिथल्या गल्लीत 'आपुन' म्हणजे 'मी'. मीसुद्धा तसंच बोलायचो.

पेटंट मिळाल्यावर स्वागतकक्षाच्या भिंतीवर शोधकांच्या नावांची पितळी पाटी लागली. साहेबांना आणि मला शाल मिळाली. टाळ्या वाजवून झाल्यावर फिटर पाटीपाशी आला. अक्षरं इंग्रजी होती, त्याला मराठीच वाचता येई.

"यातलं आपलं कंचं, सायेब?"

मी माझ्या नावावर बोट ठेवलं. त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि कामावर गेला.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी माझ्या घरी आली. डिप्लोमा झालेली. नोकरीच्या मुलाखतीत तिने सांगितलं होतं, माझ्या वडिलांच्या नावावर पेटंट आहे. समोरच्यांनी तिथेच शोधलं. नाव सापडलं नाही.

"हसले असते तरी चाललं असतं, काका. ते नुसते गप्प झाले. बाबा खोटं बोलत नाहीत. मग नाव आहे कुठे?"

मी तिला सगळं सांगितलं. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, नाव घालायचं तर पेटंट मंजूर होण्याआधी मागायला हवं होतं. आता फार तर तुमचं नाव चुकीचं आहे, एवढा दाखला निघेल. म्हणजे माझं पुसता येईल, त्याचं लिहिता येणार नाही. कंपनी तर केव्हाच विकली गेली. पाटी भंगारात गेली असावी.

मी मुलीला फोन केला, येऊन बाबांची माफी मागतो म्हणालो.

"या," ती म्हणाली. "पण पाटीचं सांगू नका. ती एकच गोष्ट ते सगळ्यांना सांगतात."

बदलापूरला हेंद्रेपाड्यात ते आता राहतात. मला पाहून तो खाटेवर उठून बसला. चहा येईपर्यंत शेजारच्या दोघांना बोलावून झालं होतं.

"ह्ये आमचे सायेब. इचारा यांना, पागोली कोनी केली."

"तू केलीस," मी म्हणालो. "तू एकट्याने."

शेजाऱ्यांसमोर तो संकोचला.

"असं कसं, सायेब? पाटीवर दोन नावं व्हती ना. एक तुमचं, एक आपलं."

मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी कप उचलला.