वरच्या मॅडम आणि सिकलसेल

भिलाईतल्या आमच्या क्वार्टरच्या वर राहणाऱ्या मॅडम प्रथिनं एकमेकांना कशी ओळखतात यावर संशोधन करतात. जिन्यात विचारलं तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवतात. बोलण्यात 'बहुतेक' असतंच. भरलेलं पातेलं हातात धरून म्हणतात, "दूधवाला बहुतेक येऊन गेला."

माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला. सासूबाईंचं एकच चालू होतं, "आमच्या खानदानात कोनाले नाही. तुह्याच माहेरचं रक्त."

एकदा मॅडमनी ते ऐकलं आणि सासूबाईंसमोर येऊन बसल्या. "आजी, हा आजार आई आणि बाप, दोघांकडून येतो. नक्की."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. त्याचे उपकार मी आजही मानते.

 मग सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या तुहं रक्त तपासून घे. माहं बी तपासायचं."