मधातून चाटायची पुडी

माय त्यातून वाचली, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं लिहायला माझा हात धजणार नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. आमचं गाव नरडाण्याजवळ. मायच्या बोटांचे सांधे सकाळी इतके आखडायचे की भाकरी थापणं सोडाच, लुगड्याची गाठ मारणंही जमत नसे. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, शरीराची राखण करणारी शक्तीच उलटून सांध्यांवर उठली आहे. रोग मुळासकट जाणार नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहील. नाना, म्हणजे माझे वडील, उखडलेच. "जलमभर गोया खावान्या? मंग तो कसाना डाक्टर शे?"

ते रावेरकडच्या एका वैदूकडून पांढऱ्या पुड्या घेऊन आले. रोज एक, मधातून चाटायची. वर्षभरात रोग मुळापासून जाणार, अट एकच: डॉक्टरांच्या गोळ्या बंद. आठ दिवसांत माय उठली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिने दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा फिरवून खापरावर टाकला. आमच्याकडे बाईची तब्येत मांड्यावरून ठरते. अख्खी गल्ली बघायला आली. पुढे तिचा चेहरा गोल, तुकतुकीत झाला. बायका म्हणाल्या, "आंग भरनं, बाई!" मला मात्र त्या चेहऱ्याची भीती वाटायची. आरशात बघून हसणारी ती बाई मायसारखी दिसत नव्हती.

मी धुळ्याला बी.एस्सी. करत होते, म्हणजे दीडशहाणीच. पुडीत राख नाहीतर खडू असणार, गुण येतो तो विश्वासाचा, हे मला सिद्ध करायचं होतं. सुट्टीत घरी आले तेव्हा सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या. तेच कागद, तशाच घड्या, आत पिठीसाखर. कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी मायला उलट्या सुरू झाल्या. सहाव्या दिवशी ती चुलीपाशी बसल्याबसल्या कलंडली. जीपमधून धुळ्याला नेताना तिचे गार पाय माझ्या मांडीवर होते. मी मनात एकच घोकत होते, साखरेनं माणूस मरत नाही, साखरेनं माणूस मरत नाही.

डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहिला, रक्तदाब घेतला आणि पुड्यांचं नाव निघताच कपाळाला आठ्या घातल्या. "अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घालतात. झटकन बरं वाटतं, चेहरा असा गोल सुजतो, पण ते एकदम तोडलं तर माणूस हातचा जातो. कधी बंद केल्या?"

"बंद कसाले करसूत?" नाना म्हणाले.

खाटेवरून मायचा क्षीण आवाज आला, "एकबी नही सोडी, देवनी आन."

नानांनी पुराव्यासाठी खिशातून एक पुडी काढली. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं, डॉक्टर दुसरंच कारण शोधत राहिले असते, आणि माय गेली असती.

"त्यात साखर आहे," मी म्हणाले. "मी बदलल्या."

डॉक्टर इंजेक्शनसाठी धावले. नानांनी पुडी उघडली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोड शे."